एसटीतला डबा

कोल्हापुरात खोली घेऊन शिकणाऱ्या खेड्यातल्या पोरांचं जेवण पहिल्या एसटीनं यायचं. आई पहाटे चुलीपुढं बसायची. तांदळाची नाहीतर नाचण्याची भाकरी, कोरड्यास, कडेला खर्डा. डबा फडक्यात घट्ट बांधून वडील फाट्यावर उभे राहायचे आणि गाडी थांबली की ड्रायव्हरच्या हातात द्यायचे. ड्रायव्हरच्या सीटमागच्या जागेत असे कितीतरी डबे एकाला एक लागून शहरात यायचे, आणि रिकामे होऊन दुसऱ्या गाडीनं परत जायचे. कुणी पावती केली नाही, कुणी सही घेतली नाही. माझ्या माहितीत एवढ्या विश्वासावर चाललेली दुसरी व्यवस्था नाही.

1987 च्या जूनमध्ये मी बी.ए. भाग एकला आलो. आमचं गाव राधानगरीच्या रस्त्यावर, म्हणून माझा डबा रंकाळा स्टँडवर उतरायचा. गावच्या शाळेत सगळे मला ओळखत होते, त्यामुळं मी लाजरा आहे हे तिथं कुणाला जाणवलंच नव्हतं. कोल्हापुरात मात्र शंभरावर मुलांच्या वर्गात, सगळ्यांचं बोलणं इतकं सफाईदार की माझं वाक्य घशाशी येऊन तिथंच थांबायचं. ऑफिसच्या खिडकीशी फॉर्म कुठला भरायचा हे विचारायला मी रांगेत उभा राही आणि नंबर जवळ आला की बाजूला होई. तास संपला की बाकीची पोरं घोळक्यानं बाहेर पडत, मी वही भरण्याचं निमित्त करून बसे. लाजऱ्या माणसाला माणसं नको असतात असं लोक समजतात. तसं नसतं. माणसं फार हवी असतात. त्यांच्याकडं जायला कारण सापडत नाही, एवढंच.

ते कारण मला रोज सकाळी स्टँडवर मिळू लागलं. आमच्या डब्यावर नाव होतं मामाचं. आईच्या लग्नात त्यानं दिलेला डबा, मशीननं ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव. त्यामुळं कंडक्टर डबा उचलून नाव वाचायचा आणि विचारायचा, "ह्यो कुणाचा रं?" गर्दीत मला मोठ्यांदा सांगावं लागायचं, "माझा हाय मामा," आणि पुढं माझं नाव, गावाचं नाव. गाडीवरचा माणूस बदलला की पुन्हा तेच. वर्गात हजेरीला जेमतेम ऐकू जाणारा माझा आवाज स्टँडवर मात्र बाहेर पडायचा, कारण तिथं तो काढला नाही तर उपाशी राहावं लागणार होतं. भुकेपुढं लाज थोडी मागं सरते.

डब्यासाठी थांबलेली पोरं रोजचीच. कुणी भोगावतीकडचा, कुणी गगनबावड्याचा. गाडीला उशीर झाला की आपोआप बोलणं निघे: पाऊस किती, लावणी झाली का, गाडी कुठं अडकली असंल. यातल्या कशालाच धीर लागत नव्हता. मग तालमींच्या गल्ल्यांतून एकत्र चालत यायचं, कुणाच्या तरी खोलीवर डबे उघडायचे. दुसऱ्याच्या आईची भाजी खाल्ली की त्या घराची निम्मी ओळख होते.

जुलै-ऑगस्टमध्ये राधानगरी धरण भरलं की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपले आपण उघडतात. त्यात पाऊस लागून राहिला की भोगावतीचं पाणी रस्त्यावर येतं आणि आमच्या बाजूच्या गाड्या बंद पडतात. त्या वर्षी असंच झालं. खानावळीत जायला पैसे नव्हते, आणि तसं कुणाला सांगणं मला जन्मात जमलं नसतं. पण सांगायची गरजच पडली नाही. राधानगरीची गाडी आली नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. कागलकडच्या एका पोराचा डबा सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती स्टँडवर यायचा. तो संध्याकाळी माझ्या खोलीवर आला, दारातच म्हणाला, "ऊठ, ताट घे," आणि भाकऱ्या मोजून निम्म्या माझ्याकडं सारल्या. पाणी ओसरेपर्यंत तो येत राहिला. पुढं परीक्षेचा अभ्यास आम्ही एकत्र केला. आजही तो माझा सगळ्यात जवळचा मित्र आहे.

या शहराला पोरांच्या जेवणाची काळजी जुनी आहे. शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढं त्यांच्या पाठबळानं जातीजातींची वसतिगृहं उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील शिकायला कोल्हापुरात आले तेव्हा जैन बोर्डिंगात राहिले. पुढं 1924 मध्ये साताऱ्याला त्यांनी स्वतः वसतिगृह काढलं, तिथं मात्र सगळ्या जातींची मुलं एका पंक्तीला बसवली आणि स्वयंपाकपाण्याची कामंही त्यांनाच वाटून दिली. या दोघांकडं पाहताना लोक फीमाफी आणि छप्पर बघतात. मला त्या वाटून दिलेल्या कामांचं मोल जास्त वाटतं. पाणी भरायला, पीठ मळायला बसलेल्या मुलाला 'ओळख कशी करून घेऊ' हा प्रश्न पडत नाही.

एम.ए.ला शिवाजी विद्यापीठात गेलो तेव्हाही डबा सुरू होता, पण तोवर स्टँडवरचे सगळे मला गावाच्या नावानं हाक मारत होते आणि खर्डेकर ग्रंथालयात पुस्तक मागताना माझा आवाज अडत नव्हता.

आता मी स्वतः भाग एकच्या वर्गाला शिकवतो. मुलं मेसमध्ये जेवतात. जेवण फोनवर मागवता येतं, फॉर्म फोनवर भरता येतो. लाजऱ्या मुलाला दिवसभरात एकदाही तोंड उघडावं न लागता आख्खं वर्ष काढता येतं, आणि काही मुलं तसं काढतात. त्यांना पाहून माझा जीव तुटतो. "बोलायला शीक, धीट हो" असं मी त्यांना सांगत नाही. मलाही ते सांगणारे होते आणि ते ऐकून मी आणखी आत जायचो. जून उलटला की मी मागच्या बाकांवरची, खिडकीकडची मुलं हेरून ठेवतो. एकाकडं वर्गाच्या सहलीची वर्गणी, दुसरीकडं प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स. यंदाची एक मुलगी आजऱ्याकडची आहे, दोन महिने तिचा शब्द ऐकला नव्हता. विभागाच्या छोट्या ग्रंथालयाची नोंदवही तिच्याकडं दिली. पुस्तक न्यायचं तर प्रत्येकानं तिला नाव सांगायचं, तिनं ते लिहायचं, उशीर झाला तर मागायला जायचं. परवा तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाला व्हरांड्यात अडवून ती पुस्तक परत मागत होती, आणि तो "उद्या आणतो" म्हणाला तरी हटत नव्हती.