जन्मभूमीचा दाखला

आमचे आजोबा मारवाडातील पालीजवळच्या एका खेड्यातून बार्शीला आले, तेव्हा त्यांच्याजवळ एक लोटा, एक दोर आणि मामांच्या पेढीच्या नावाने दिलेली एक चिठ्ठी एवढेच होते, असे घरात सांगतात. कुर्डुवाडीहून छोट्या रेल्वेने ते बार्शीत उतरले. त्या काळी मारवाड हे संस्थान होते आणि बार्शी इंग्रजी अमलाखालच्या सोलापूर जिल्ह्यात होती. म्हणजे तेही एका राज्यातून दुसऱ्या राज्यातच आले होते. परंतु त्यांना कोणी कागद विचारला नाही. पेठेने एवढेच पाहिले की, या माणसाचे माप खरे आहे काय आणि दिलेला शब्द तो पाळतो काय.

ही आठवण गेल्या वर्षभर माझ्या मनात वारंवार येत राहिली. त्याचे कारण माझी नात.

माझा धाकटा मुलगा आठ वर्षांपासून अमेरिकेत संगणक क्षेत्रात नोकरीला आहे. एच-१बी या तात्पुरत्या परवान्यावर तो तेथे राहतो आणि सूनबाई त्याच्यावर अवलंबून असलेल्या पत्नीच्या परवान्यावर. सूनबाईंना दिवस गेले आणि मार्च २०२५ चा पहिला आठवडा डॉक्टरांनी सांगितला. घरात आनंद होता. आमच्या सौभाग्यवतींनी डिंकाच्या लाडवांचे साहित्य काढले आणि न्यू जर्सीला जाण्याची तयारी सुरू केली.

२१ जानेवारीला सकाळी दुकान उघडण्यापूर्वीच मुलाचा फोन आला. आदल्या दिवशी शपथ घेतलेल्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एका आदेशावर सही केली होती. आई तात्पुरत्या परवान्यावर असेल आणि वडील नागरिक किंवा कायमचे रहिवासी नसतील, तर आदेशानंतर तीस दिवसांनी जन्मणाऱ्या बाळाला अमेरिकेचे नागरिकत्व मिळणार नाही, असा त्याचा आशय होता. आमचे बाळ त्या तारखेनंतर सुमारे पंधरा दिवसांनी येणार होते.

वाचकहो, येथे मला एक कबुली द्यायची आहे. चाळीस वर्षे आडतीच्या धंद्यात घालवलेला माणूस तारीख ऐकली की प्रथम हिशेब करतो. मीही केला. त्याच रात्री सूनबाईंना फोन करून म्हणालो, "बेटा, डॉक्टरांना एकदा विचारून पाहा. पंधरा दिवस आधी शस्त्रक्रिया करून बाळंतपण उरकता येत असेल, तर मुलाचे आयुष्यभराचे कल्याण होईल."

पलीकडे काही क्षण शांतता होती. मग ती म्हणाली, "पप्पा, हा मालाचा ट्रक नाही, जकात नाका बंद व्हायच्या आत पार करायला. त्याच्या फुप्फुसांना हवे तेवढे दिवस मिळू देत." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते वाक्य अधिक लागले. मी फोन ठेवला आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

दोनच दिवसांत, २३ जानेवारीला, सिअ‍ॅटल येथील संघीय न्यायाधीशांनी त्या आदेशाला स्थगिती दिली आणि पुढे इतर न्यायालयांनीही तो रोखला. तीस दिवसांची मुदत आली आणि गेली. आमची नात ३ मार्चला पूर्ण दिवस भरून जन्मली. तिला जन्माचा दाखला मिळाला आणि यथावकाश अमेरिकेचे पारपत्रही. आदेशाचा वाद मात्र संपला नाही, तो सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेला.

त्या दिवसांत मी या विषयावर मिळेल ते वाचले. अमेरिकेच्या राज्यघटनेतील चौदावी दुरुस्ती १८६८ सालची. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या लोकांना व त्यांच्या मुलांना नागरिक म्हणून कोणी नाकारू नये, यासाठी ती झाली. परदेशी आईबापांच्या मुलाचा प्रश्न पुढे वाँग किम आर्क या तरुणामुळे आला. त्याचा जन्म सॅन फ्रान्सिस्कोतला. आईवडील चिनी आणि तेथे व्यापार करणारे. चीनला जाऊन तो १८९५ साली परतला, तेव्हा त्याला बंदरावरच अडवण्यात आले. १८९८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, तो जन्मानेच अमेरिकेचा नागरिक आहे. ज्या आईबापांमुळे तो तेथे जन्मला, त्या चिनी व्यापाऱ्यांना मात्र त्या काळच्या कायद्याने नागरिक होताच येत नव्हते.

आपल्या लोकांचीही कथा निराळी नाही. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्व घेण्यास अपात्र ठरवले आणि १९४६ च्या कायद्यापर्यंत ते दार बंदच राहिले. त्या काळात कॅलिफोर्नियात अशा परक्यांना शेतजमीन विकत घेण्यास मनाई होती. तेव्हा काही पंजाबी शेतकऱ्यांनी तेथे जन्मलेल्या आपल्या मुलांच्या नावावर जमिनी केल्या. बाप जमीन कसणारा परका आणि पाळण्यातले मूल तिचे मालक! असा उलटा हिशेब आपल्या कोणत्याही वहीत बसणार नाही.

आपल्या समाजात एक समजूत अजूनही पक्की आहे की, मूल तेथे जन्मले म्हणजे आईबापांचेही काम झाले. ही समजूत चुकीची आहे. नागरिक असलेले मूल आईबापांना कायमच्या वास्तव्यासाठी बोलावू शकते, ते वयाची २१ वर्षे पूर्ण झाल्यावर. आमच्या नातीबाबत ते साल २०४६ आहे. नोकरीच्या मार्गाने ग्रीन कार्ड मिळवायचे, तर साऱ्या जगासाठी वर्षाला साधारण १,४०,००० जागा आणि कोणत्याही एका देशाला त्यांतील सुमारे ७ टक्क्यांची मर्यादा. भारतीयांच्या रांगेत २०२५ साली २०१३ च्या सुमारास अर्ज केलेल्यांचा क्रमांक लागत होता. माझा मुलगा त्या रांगेत फार मागे उभा आहे.

याचा अर्थ आम्हांस जुलैमध्ये समजला. कंपनीने माणसे कमी केली आणि त्यांत मुलाचे नाव आले. एच-१बीवरील माणसाची नोकरी गेली की त्याला जास्तीत जास्त साठ दिवसांची सवलत असते. तेवढ्यात नव्या मालकाने त्याच्यासाठी अर्ज दाखल केला पाहिजे. नाहीतर दुसरा परवाना मागावा किंवा देश सोडावा. चार महिन्यांच्या मुलीला तेथे राहण्याचा पूर्ण हक्क होता. तिला दूध पाजणाऱ्या आईला मात्र साठ दिवसांची मुदत होती.

मी म्हणालो, "परत या. दुकान आहे, घर आहे." तेव्हा मुलाने आणखी एक गोष्ट सांगितली. परत यायचे, तरी मुलीसाठी भारताचा व्हिसा किंवा ओसीआय कार्ड लागेल, कारण ती भारताची नागरिक नाही. परदेशात भारतीय आईबापांच्या पोटी जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत करता येते. परंतु त्यासाठी मुलाकडे दुसऱ्या देशाचे पारपत्र नाही, असे लिहून द्यावे लागते. आपला देश दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दोघांनी विचार करून अमेरिकेचे पारपत्र काढले होते. ओसीआय कार्डावर ती आयुष्यभर येथे येऊ-राहू शकेल; मतदान मात्र करू शकणार नाही आणि शेतजमीन विकत घेऊ शकणार नाही. आजोबांच्या घरात त्यांची खापरपणती परदेशी म्हणून पाऊल ठेवणार, हे ऐकून मी सुन्न झालो.

मनात राग आला, तो अमेरिकेच्या कायद्याचा. परंतु पुढे वाचताना तो राग ओसरला. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात प्रारंभी भारतात जन्म एवढीच अट पुरेशी होती. मी १९५८ साली बार्शीत जन्मलो आणि त्या जन्मानेच भारतीय झालो. १ जुलै १९८७ पासून जन्मणाऱ्यांसाठी आई किंवा वडील यांपैकी एक भारतीय असणे आवश्यक झाले. माझा मुलगा १९९२ चा, म्हणून तो आमच्यामुळे भारतीय ठरला. ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक झाली: दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. आज परदेशी जोडप्याचे मूल बार्शीत जन्मले, तर केवळ जन्मामुळे आपणही त्याला आपले म्हणत नाही. जो नियम आपण आपल्या दारात ठेवला, तोच दुसऱ्याने ठेवू पाहिला म्हणून त्याला अन्यायी म्हणण्याचा मला कितपत अधिकार आहे? मात्र जे वचन १८६८ पासून घटनेत लिहिलेले आहे, ते एका सहीने तीस दिवसांत फिरवू नये, असे मला व्यापारी म्हणून अवश्य वाटते. सौदा झाल्यावर भाव बदलणाऱ्याला पेठेत काय म्हणतात, हे आपण सर्व जाणतो.

बावन्नाव्या दिवशी दुसऱ्या राज्यातील एका कंपनीने मुलासाठी अर्ज दाखल केला. पर्युषणाचे दिवस होते. संवत्सरीला प्रतिक्रमण झाल्यावर मी नेहमीप्रमाणे सर्व नातलगांना फोन केले. दरवर्षी हे शब्द किती सहज ओठांवर येतात! या वेळी सूनबाईंचा फोन लागला तेव्हा ते आले नाहीत. मी आधी जानेवारीतील त्या रात्रीची गोष्ट काढली. म्हणालो, "मी बाळापेक्षा कागदाचा विचार आधी केला. मिच्छामि दुक्कडम्."

ती म्हणाली, "पप्पा, तुमच्या आधी मीही तोच हिशेब केला होता. म्हणून तर उत्तर तयार होते." आणि तिने फोन नातीच्या कानाला लावला.

या लेखाच्या वाचकांपैकी अनेकांची मुले आज अशाच परवान्यांवर दूरदेशी आहेत. त्यांना दोन गोष्टी सांगाव्यात, असे वाटते. मुलाचे पारपत्र हे मुलाचे आहे, आईबापांचा परवाना नव्हे. बाळाच्या कोणत्या कागदाने काय मिळते आणि काय सुटते, हे जन्माआधीच शांतपणे समजून घ्यावे. आणि आपण वडीलधाऱ्यांनी फोनवरून सल्ला देण्यापूर्वी थोडे थांबावे. तारखा आपण मोजतो. नऊ महिने मोजणारी दुसरीच कोणी असते.

नात पुढच्या पर्युषणात बार्शीला येणार आहे. ओसीआय कार्डाचा अर्ज मुलाने केला आहे. मी मात्र घरातील जुन्या वहीत, जेथे आजोबांपासून प्रत्येक जन्माची नोंद आहे, तिचे नाव व जन्मतिथी केव्हाच लिहून ठेवली आहे. त्या वहीत नागरिकत्वाचा रकाना नाही.