दोनशे मीटर खोल, कोथरूडमध्ये

खरं सांगू? मला पोहता येत नाही. पाण्याशी माझा संबंध बादली, मग आणि जुलैत तुंबलेला कोपऱ्यावरचा चौक, बस्स! आणि तरीही माझ्या मनगटावरचं घड्याळ २०० मीटर खोल समुद्रात जाऊ शकतं. तारकर्लीला हौसेने डायव्हिंग करणारेही त्याच्या आसपास जात नाहीत. माझं तर कोथरूडबाहेरही फारसं जात नाही.

सिकोचं एसकेएक्स००७. १९९६ साली आलेलं हे मॉडेल कंपनीने २०१९च्या सुमारास बनवणं थांबवलं. माझं सेकंडहँड आहे. लग्न ठरल्यावर सासरकडून स्मार्टवॉच मिळालेल्या एका मित्राने ते विकायला काढलं आणि मी नोकरी सोडल्यानंतरचा पहिला फ्रीलान्स चेक त्यात घातला. काळी तबकडी, जाडजूड स्टील, ४२ मिलिमीटरचा व्यास. आई म्हणाली, ‘अगं, मनगट केवढं, घड्याळ केवढं! पुरुषी दिसतंय.’ मैत्रिणीने विचारलं, ‘स्टेप्स मोजतं?’ नाही. ‘ब्लूटूथ?’ नाही. ‘मग करतं काय?’ वेळ दाखवतं. तीही दिवसाला पंधरा सेकंद पुढे!

पण त्याचं फिरणारं कडं एकदा बघाच. १२० टिकटिक म्हणजे एक फेरी, आणि ते फिरतं फक्त उलट्या दिशेने. कारण मस्त आहे. पाण्याखाली चुकून धक्का लागून कडं सरकलंच, तर घड्याळ झालेला वेळ जास्त दाखवेल, कमी कधीच नाही. म्हणजे पाणबुड्या लवकर वर येईल, पण हवा संपेपर्यंत खाली राहणार नाही. मी त्यावर अंडी उकडते. मुलाखत किती वेळ चालली तेही मोजते. काट्यांवरचं, सगळे ज्याला अजूनही ‘रेडियम’ म्हणतात ते (यात रेडियम नसतं हं), रात्री इतकं चमकतं की लाइट गेल्यावर पहिल्यांदा मनगटच दिसतं.

याला सेल नाही आणि चावीही नाही. आत एक अर्धगोल वजन आहे. हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंग गुंडाळली जाते. काढून ठेवलं की चाळीसेक तास चालतं, मग थांबतं. नव्या मॉडेल्सना हाताने चावी देता येते, माझ्या मशीनला तीही सोय नाही. तुम्ही हललात तर ते चालणार, साधा हिशेब.

हा हिशेब मला गेल्या पावसाळ्यात कळला. एका मासिकाने चार लेखांचे पैसे अडकवले होते. दुसऱ्याने ‘सध्या बजेट नाही’ कळवलं. सुरुवातीला मेल करत होते, फोन करत होते. मग एक दिवस नाही केले. दुसऱ्या दिवशीही नाही. घड्याळाच्या खिडकीत शनिवार निळा आणि रविवार लाल दिसतो. मला मात्र कुठलाच वार वेगळा वाटेनासा झाला. गुरुवारी उशाजवळ हात गेला तर घड्याळात मंगळवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. म्हणजे रविवार रात्रीपासून मी ते हातात घातलंच नव्हतं. आणि त्या चार दिवसांत डब्याचा मुलगा सोडला तर मी कुणाशी बोललेही नव्हते.

त्याच शनिवारी बाबा नाशिकहून आले. आईनेच पाठवलं असणार. बाबांच्या हातात एचएमटी जनता, चावीचं. सातपूरच्या कारखान्यात सातच्या पाळीला जायचे तेव्हा साडेपाचला उठून आधी चावी द्यायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, चावीची वेळ तीच. माझं घड्याळ टेबलावर बंद पडलेलं पाहून म्हणाले, ‘चावी दे ना त्याला.’

‘याला चावी नसते बाबा. घालून फिरावं लागतं.’

त्यांनी ते उलटंसुलटं पाहिलं. मग डाव्या हातात एचएमटी होतंच, उजव्या हातात माझं चढवलं आणि पिशवी घेऊन मंडईत गेले! दोन हातांत दोन घड्याळं, वर छत्री. तासाभराने गवार, मेथी आणि चालू घड्याळ घेऊन परत. नोकरी का सोडलीस, आता काय करणार, एक अक्षर नाही. नोकरी सोडली तेव्हा याच माणसाने माझ्याशी महिनाभर अबोला धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दारावर टकटक. ‘ऊठ, चल. तुझ्या घड्याळाला चावी देऊन येऊ.’

रागच आला. पण गेले. आठ दिवस रोज गेले. म्हातोबाच्या टेकडीपर्यंत बाबा पुढे, मी धापा टाकत मागे. नवव्या दिवशी ते नाशिकला परतले आणि मी त्या मासिकाला पुन्हा मेल केला. चारपैकी दोन लेखांचे पैसे आले. उरलेल्या दोनांसाठी भांडण चालू आहे.

आता लिहायला बसले की कडं शून्यावर आणते आणि चाळीस मिनिटं उठत नाही. पोहण्याच्या क्लासचा फॉर्म आणून ठेवलाय, अजून भरलेला नाही. बाबा फोनवर सगळ्यात आधी विचारतात, ‘चालू आहे ना?’

‘पंधरा सेकंद पुढे आहे,’ मी सांगते. त्यांचं एचएमटी मागे पडतं.