जिन्यावरची अक्का

साहुकारपेठ, चेन्नई
12 जानेवारी 2025

प्रिय वैशू,


परवा फोनवर "ताई, मार्चनंतर आशा सेविकेचं काम सोडावं म्हणते" एवढंच बोललीस आणि मागनं बाळ रडायला लागलं म्हणून फोन ठेवलास. तेव्हापासून मनातल्या मनात तुझ्याशीच बोलतेय. फोनवर एवढं सगळं सांगून होणार नाही, म्हणून आज रविवारी वही घेऊन बसले.

आधी मामंजींचं सांगते. दोन वर्षांमागं पहाटे त्यांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात गळाला, ते तुला ठाऊकच आहे. का झालं, ते मात्र तेव्हा मी कुणाला सांगितलं नव्हतं. बीपीची गोळी त्यांनी सहा महिन्यांपूर्वीच बंद केली होती. "काही दुखत नाही, मग औषध कशाला?" गोळ्या पानाच्या डब्यात चुन्याच्या डबीखाली साठवल्या होत्या. मी रोज पाण्याचा तांब्या हातात देत होते आणि निघून जात होते. ते अजून मला लागतं.

आता आमच्याकडं महिन्याला सरकारी आरोग्य योजनेतली अक्का येते. आपण थोरल्या बहिणीला म्हणतो तीच अक्का, इथं तमिळमध्येही तोच शब्द. तीन मजले चढते. खांद्याला पिशवी, तिच्यात बीपीचं मशीन, साखर तपासायचं यंत्र आणि गोळ्या. आल्याआल्या मशीन लावत नाही. मामंजींना खुर्चीत टेकून बसवते, हाताखाली उशी सरकवते आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून पाच मिनिटं गप्प बसते. आमच्या घरात दिवसभरात तेवढीच शांतता. मग मोजते. त्यानंतर गेल्या महिन्याच्या पट्ट्या मागते आणि फुटलेल्या कप्प्यांवरून बोट फिरवत गोळ्या मोजते. दोन जास्त उरल्या असल्या की मामंजी खाली बघतात. ती त्यांना "अप्पा" म्हणते. तिच्या भाषेत त्याचा अर्थ वडील, आणि आमच्या गावाकडंही त्यांना सगळे अप्पाच म्हणतात. रागवत नाही. "अप्पा, रेंडु मात्तिरै," दोन गोळ्या, एवढंच म्हणून थांबते. तिची ती मोजणी मला जमली असती तर, असं दर महिन्याला वाटतं.

या योजनेचं नाव 'मक्कळै तेडि मरुत्तुवम', म्हणजे माणसांना शोधत आलेला औषधोपचार. 5 ऑगस्ट 2021 रोजी कृष्णगिरी जिल्ह्यातल्या सामनपल्लीत मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी सुरू केली. कोविडमुळं माणसं दवाखान्यापर्यंत पोचेनाशी झाली होती, तेव्हाचं हे. बीपी, साखर असलेल्यांना गोळ्या घरी, अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घरी, हातपाय आखडलेल्यांना व्यायाम शिकवायलाही माणूस घरी. मामंजींचा उजवा हात आता कपाळापर्यंत जातो. मला यातलं मर्म एवढंच कळलं: बीपी दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या रोगासाठी रोजंदारीवरचा माणूस दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभा राहत नाही. मग कुणीतरी जिना चढायलाच हवा.

या शहरात जिना चढण्याची एक जुनी गोष्ट आहे, ती तुला सांगायचीच होती. सुनीती गायतोंडे हे नाव ऐकलंस? इथल्याच मराठी घरातली मुलगी, घरचा चामड्याचा व्यापार. देवीची लस टोचायला आरोग्य अधिकारी दरवर्षी घरी यायचे. त्यांना बघून तिला डॉक्टर व्हावंसं वाटलं. बघ, दारात आलेल्या माणसाचा परिणाम कुठवर जातो! पुढं ती डॉ. सुनीती सॉलोमन झाली, मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवू लागली. एड्स हा परदेशातला रोग, आपल्याकडं येणारच नाही, असं तेव्हा मोठमोठे लोक म्हणत होते. तिनं आपल्या विद्यार्थिनीला, सेल्लप्पन निर्मलाला, तपासून बघायला सांगितलं. निर्मलानं रिमांड होममध्ये जाऊन वेश्याव्यवसायातल्या बायकांचं रक्त गोळा केलं. हातात मोजे नव्हते. नमुने घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि नवऱ्याबरोबर रेल्वेनं वेल्लोरला नेले, कारण तपासणीची सोय तिथं होती. 1986 च्या फेब्रुवारीत त्यातले सहा पिवळे पडले, म्हणजे त्यांत एचआयव्ही होता. भारतातली एचआयव्हीची पहिली नोंद ती. त्या बायका आपणहून कुठल्याच दवाखान्यात आल्या नसत्या. सुनीतीताईंनी 1993 मध्ये वडिलांच्या नावानं वाय. आर. गायतोंडे केंद्र काढलं. ज्यांना इतर ठिकाणी हातही लावत नव्हते, त्यांना तिथं उपचार मिळाले. 2015 मध्ये त्या गेल्या, पद्मश्री 2017 मध्ये मरणोत्तर मिळाली.

तू म्हणशील, त्या डॉक्टर होत्या, मी आशा. पण तुझ्या पिशवीतला बाळाचा वजनकाटा कुठून आला? गडचिरोलीत बंग डॉक्टरांनी गावातल्याच बायांना नवजात बाळं सांभाळायला शिकवलं आणि 39 गावांत बालमृत्यू किती उतरले, ते 1999 मध्ये लॅन्सेटनं छापलं. त्यानंतर देशभरच्या आशांच्या कामात ते आलं. तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, चौदाव्या दिवशी तू ज्या दारात जातेस, ते त्या बायांनी आधी उघडलेलं दार आहे.

आता ज्यावर तुझं माझं एकमत आहे ते. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरच्या आशांचा गौरव केला. 2024 मध्ये इथल्या योजनेला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. आणि दोन्हीकडं तुमचं नाव काय? तिकडं स्वयंसेविका, इकडं 'तन्नार्वलर', स्वतःच्या ओढीनं आलेली. हा शब्द मला खटकतो. ओढ तुला आहे, अक्कालाही आहे, पण ओढीवर घर चालत नाही. आझाद मैदानात बसल्यावर मार्च 2024 मध्ये पाच हजारांची वाढ मिळाली, तेव्हा तू पेढे वाटलेस. कामगाराला वाढीसाठी बसावं लागतं, हे एकवेळ समजतं. पण ज्या कामावर आख्खी योजना उभी आहे, त्याला पगार न म्हणता मानधन म्हणायचं, हा अन्यायच आहे. म्हणून तू सोडू नकोस, असं मी लिहिणार नाही. सोडलंस तर तुझ्याकडं बोट दाखवणार नाही.

पण एक काम आहे, ते तुझ्याशिवाय होणार नाही.

गेल्या रविवारी अक्का मला गल्लीत घेऊन गेली. आपल्याकडची, विटा-आटपाडीची पोरं इथं गलाईच्या दुकानांत आहेत. सोनं गाळणं, तेजाबाचा धूर, आणि रात्री भट्टीच्या वरच्या माळ्यावर झोपणं. अक्काच्या यादीत घरं आहेत. दुकानात झोपणारा माणूस कुठल्याच घरात बसत नाही. ती आपणहून वर चढली, तेवढ्यात पोरं बुजून उठून उभी राहिली. तिला मराठी येत नाही, त्यांना बीपीपुरतंही तमिळ येत नाही. मी मध्ये बोलत होते. एकाला विचारलं, "खोकला आहे का?" तो म्हणाला, "नाही." आणि जिना उतरताना मागून त्याचाच खोकला ऐकू आला, बराच वेळ.

तू हे रोज करतेस. टीबीचं विचारताना पहिलं काय विचारतेस, की माणूस खरं सांगेल? गोळी सकाळची की रात्रीची, हे न वाचणाऱ्याला कळावं म्हणून तू सूर्य-चंद्र काढतेस ना, त्याचा कागद पाठव. थुंकी तपासायला द्यायची म्हटल्यावर पोरं घाबरतात, तेव्हा काय म्हणतेस तेही लिही, तुझ्याच शब्दांत, गावाकडच्या बोलीत. अक्का ते तमिळ लिपीत उतरवून पाठ करणार आहे. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा जातोय, तेव्हा त्याच्या आत व्हॉट्सॲपवर फोटो टाक, पोस्टानं पाठवू नकोस.

तिळगूळ वेगळा पाठवलाय. बाळाला पापा.

तुझी,
ताई