गळ्यातील गाठ आणि सुईचा नमुना

पुण्याच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षे भुसाराची पेढी चालविणाऱ्या एका साठीतील गृहस्थांनी खोकला हटेना म्हणून छातीचा सीटी स्कॅन करविला. छाती निर्दोष निघाली. मात्र अहवालाच्या शेवटच्या ओळीत थायरॉइड ग्रंथीत १.८ सेंटिमीटरची गाठ असल्याची नोंद होती. ती वाचताच त्यांनी कागद घडी करून तिजोरीत, उधारीच्या वह्यांखाली ठेवला. अकरा दिवस ते कोणाशी काही बोलले नाहीत. रात्री मात्र सारी येणी-देणी स्वच्छ कागदावर उतरवीत बसत. अखेर थोरल्या सुनेने विचारले, "बाऊजी, एवढी कसली आवराआवर चालली आहे?"

डॉक्टरांपुढे बसताच त्यांनी विचारले, एवढ्या महागड्या यंत्राला गाठ साधी की कर्करोगाची हे कळत नाही का? बहुधा कळत नाही, हेच खरे उत्तर. सीटी स्कॅन घनता मोजतो. निरोगी थायरॉइड आयोडीन साठवते, म्हणून चित्रात ती उजळ दिसते. गाठ आयोडीन साठवीत नाही, म्हणून काळसर दिसते. आणि साधी गाठही काळसर, कर्करोगाचीही काळसर. संशय वाढविणारे चुन्याचे अतिसूक्ष्म कण तर या चित्रात बहुधा निसटतात. गाठ ग्रंथीबाहेर पसरली असेल किंवा मानेतील लसिकाग्रंथी संशयास्पद असतील, तरच सीटी काही ठाम सुचवितो. श्वासनलिका दबली आहे का, वाढ छातीच्या हाडामागे उतरली आहे का, हे सांगण्यात मात्र त्याचा हात धरणारे कोणी नाही. (एक सावधगिरी : शिरेतून दिलेल्या आयोडीनयुक्त औषधामुळे पुढे किरणोत्सारी आयोडीनचे उपचार लागल्यास ते काही आठवडे लांबवावे लागतात.)

पस्तिशीपुढील व्यक्तीच्या थायरॉइडमध्ये अशी अचानक आढळलेली गाठ दीड सेंटिमीटर वा अधिक असेल, तर सोनोग्राफी करावी, असा अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या समितीचा २०१५ सालचा सल्ला आहे. सोनोग्राफीत गाठीच्या कडा, तिची उभी-आडवी ठेवण आणि ते सूक्ष्म कण दिसतात. येथे कडा थोड्या वेड्यावाकड्या दिसल्या. मग बारीक सुईने गाठीतील पेशी काढून तपासायचे ठरले.

सुईचे नाव ऐकून घरातील मंडळी घाबरली. बाऊजी मात्र प्रथमच हसले. पोत्यात टोचणी घालून मूठभर दाणे तळहातावर घेतल्याशिवाय त्यांनी जन्मात माल उचलला नव्हता. पोते बाहेरून कितीही न्याहाळले तरी आतील दाणा कळत नाही, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

अहवाल आला : बेथेस्डा वर्गवारीतील दुसरा वर्ग, म्हणजे सौम्य. बहुसंख्य थायरॉइड गाठी अशाच निघतात. तरी सोनोग्राफीत थोडा संशय होता, म्हणून वर्षभरात ती पुन्हा करावयाची आहे. बाऊजींनी ती तारीख उधारीच्या वहीत, सर्वांत जुन्या येण्याखाली, लाल शाईने लिहून ठेवली.