ध्रुवाची रेघ

टेमघरच्या आकाशात भिवंडी शहराच्या दिव्यांचा उजेड पसरतो आणि मंद तारे त्यात बुडून जातात. गाढ काळोख हवा असेल, तर वांगणीस जावे. तेथे खगोल मंडळाचे हौशी अभ्यासक अनेक वर्षे आकाशदर्शन घडवीत आले आहेत. तथापि नवशिक्याने आरंभ आपल्या गच्चीवरूनच करावा. दुर्बिणीची घाई नको. पुष्कळ दुर्बिणी कपाटातच धूळ खातात!

प्रथम ध्रुव शोधावा. टेमघरहून तो उत्तर क्षितिजाच्या वर सुमारे १९ अंशांवर दिसतो. हात लांब करून मूठ वळली, की तिची रुंदी सुमारे १० अंश भरते. तेव्हा दोन मुठी एकावर एक धरल्या, की ध्रुवाचे ठिकाण कळते. मग कॅमेरा तिपाईवर पक्का बसवून तिकडे रोखावा. त्याची झडप फार वेळ उघडी राहिली, तर शहराच्या उजेडाने चित्र पांढरे पडते. म्हणून काही सेकंदांची अनेक चित्रे ओळीने घेऊन ती संगणकावर एकत्र करतात. तासाभरात पृथ्वी १५ अंश फिरते आणि चित्रात ताऱ्यांच्या कमानी उमटतात. अढळ म्हणून गाजलेला ध्रुवही त्यातून सुटत नाही. आकाशाच्या खऱ्या ध्रुवबिंदूपासून तो अर्ध्या अंशाहून किंचित अधिक दूर आहे. त्यामुळे त्याचीही एक इवलीशी वाकडी रेघ तेथे दिसते.