बिराजदार मामा

उमरग्याकडच्या आमच्या गावात तालमीच्या भिंतीवर मारुतीशेजारी एकाच माणसाचा फोटो होता, हरिश्चंद्र बिराजदारांचा. त्यांचं गाव रामलिंग मुदगड, तालुका निलंगा. त्या काळी लातूर, निलंगा सगळं उस्मानाबाद जिल्ह्यातच. १९६९ साली लातूरच्याच मैदानात ते महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढच्याच वर्षी एडिंबराहून कॉमनवेल्थचं सुवर्ण घेऊन आले. वडील आल्यागेल्याला अभिमानानं सांगायचे, ‘आपल्या जिल्ह्याचा गडी हाय.’

आम्ही पोरं पहाटे आखाडा उकरायचो. ताक, तेल, हळद, लिंबू जिरवलेली ती लाल माती पायाखाली गार आणि मऊ लागायची. अंगाला फासली की दिवसभर वास जायचा नाही. जोर-बैठका काढून दम लागला की वस्ताद फोटोकडे नुसतं बोट करायचे. जत्रेत रेवड्यांवरच्या कुस्तीला उतरतानाही मी त्या फोटोच्या पाया पडून जायचो.

पुढं १९७७ सालची बेळगावची कुस्ती पारावर ऐकली. समोर दिल्लीचा सत्पाल, गुरू हनुमानांचा पठ्ठ्या, महाराष्ट्राच्या भल्याभल्यांना भारी पडलेला. बिराजदारांनी त्याला पाडलं. सांगणारा शड्डू ठोकून दाखवायचा, ऐकणारे उठून उभे राहायचे.

१९८२ साली लातूर वेगळा जिल्हा झाला, मुदगड तिकडं गेलं. तालमीतला फोटो जागचा हलला नाही.

लोक आजही बेळगावच सांगतात. माझ्या लेखी मात्र मामांची खरी कमाई पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीतली आहे. हौदातून बाहेर आल्यावर नाव विकून खाणारे पुष्कळ. मामांनी दुसऱ्यांची पोरं घडवली. लातूरचे काका पवार त्यांच्याच हाताखालचे, बीडच्या पाटोद्याचा राहुल आवारेही. सगळी दुष्काळी मुलखातली लेकरं. मामा २०११ साली गेले. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या कॉमनवेल्थमध्ये राहुलनं ५७ किलोत सुवर्ण जिंकलं आणि ते मामांना वाहिलं. ती बातमी वाचताना मला भरून आलं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीचा एक फड थेट धाराशिवात, म्हणजे आधीच्या उस्मानाबादेत, भरला. शिवराज राक्षेनं हर्षवर्धन सदगीरला हरवलं, मैदान दणाणून गेलं. मी मात्र कडेला बसलेल्या भूम-परंड्याकडच्या पोरांकडे बघत होतो. कोवळी, नुकतेच कान मोडायला लागलेली. यांतल्या चांगल्या पोराला अजूनही वळकटी बांधून पुणं नाहीतर कोल्हापूरच गाठावं लागतं. मामांसारखा एखादा वस्ताद आता इथंच, धाराशिवात, ठाण मांडून बसायला हवा.