परी गोरीच असते का?

परवा ताईचा फोन आला. "लेक पाच वर्षांची होतेय. परीची थीम पाहिजे म्हणते. तू बघ बाबा, तुला इंटरनेटवरचं कळतं." आयटीवाल्या भावाचा उपयोग एवढाच. असो.

वसमत तालुक्यातलं आमचं गाव. मार्च महिना, म्हणजे हळदीचा हंगाम. कंद शिजवायचे, वाळवायचे, पॉलिश करायचे. अंगण, ओसरी, माणसं, सगळं पिवळं. त्यात मी पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं एक एक्सेल शीट घेऊन पोचलो. पंख ७, छड्या ७, चांदण्या, केक नांदेडहून. प्लॅनिंग एकदम परफेक्ट!

मग क्लायंटला परीची चित्रं दाखवली. तिनं नीट बघितली आणि विचारलं, "मामा, परी कोण होणार?"

"तूच की."

"मी कशी? परी गोरी असते ना."

ताई स्वयंपाकघरात निघून गेली. बारशाच्या दिवशी "रंग आईचा नाही घेतला" म्हणणाऱ्या बायका मला आठवल्या. अंघोळीआधी हळद-दुधाचं लावणंही आठवलं. 'पी हळद अन् हो गोरी' ही म्हण आपण उतावळ्या माणसाला ऐकवतो, पण आमच्या घरात ती पाच वर्षं शब्दशः चालली होती. आणि मी? डाऊनलोड केलेल्या बावीस चित्रांत एकही सावळी परी नव्हती, आणि हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. बग माझ्याच कोडमध्ये होता.

रात्री शोधत बसलो. टिंकर बेल ही जगातली बहुधा सगळ्यात प्रसिद्ध परी. १९०४ साली लंडनमध्ये 'पीटर पॅन' नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आलं, तेव्हा तिला रंगच काय, अंगही नव्हतं. पडद्याआडून आरशानं पाडलेला प्रकाशाचा ठिपका, म्हणजे टिंकर बेल. सोनेरी केसांची ती आपल्या ओळखीची परी डिस्नेच्या १९५३ च्या सिनेमातली.

सकाळी आजी हळकुंडं निवडत होती. तिला सहज विचारलं, "आजी, आपल्याकडं पऱ्या नसतात का?"

"हायेत की. आसरा. सात बहिणी, विहिरीत राहत्यात."

"गोऱ्या असतात का?"

आजीनं माझ्याकडं असं पाहिलं, की एवढं शिकून वाया गेलं. "शेंदूर लावल्यावर कसला आलाय रंग, बाबा?"

लहानपणी 'आसरा ओढून नेतील' म्हणून आम्ही विहिरीकडं फिरकायचो नाही. पण आसरा म्हणजे अप्सरा हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. आणि त्यांची नावं बघा: मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी... म्हणजे मासोळी, कासव, खेकडा, बेडूक, मगर! पाच वर्षांच्या पोरांना यापेक्षा भारी काय पाहिजे?

आजी मात्र भडकली. "आसरांचं सोंग करता? पाण्यातल्या देवी हायेत त्या, थट्टा नाही!" अर्धा तास मनधरणी केली. शेवटी अट पडली. आधी विहिरीवर जाऊन सात दगडांना हळदीकुंकू, हिरव्या बांगड्या, खण-नारळ. आणि पार्टी अंगणात, विहिरीजवळ एकही लेकरू जाणार नाही. मान्य!

नैवेद्य दाखवून आलो आणि पुठ्ठे कापायला बसलो. पंख ठेवले, पण सोबत कुणाला कल्ले, कुणाला पाठीवर टोपलं. भाचीनं स्वतःहून खेकडा निवडला. दोन चिमटे लावून अंगणभर तिरकी पळत होती. तिच्यामागं बेडूकपरी, कासवपरी. केक कापायच्या आधी मी आरशानं भिंतीवर उन्हाचा कवडसा पाडला. ती पकडायला धावली आणि उजेड नेमका तिच्या गालावर पडला.

"मामा, परी माझ्यावर बसली!"

ताई हसली, मग डोळे पुसले. आजीनं विचारलं, "आता हिला उद्या हळद-दूध लावायचं का?" ताई म्हणाली, "नको. हळद बाजारात जाऊ दे."

काल फोनवर पुढच्या वर्षाची रिक्वायरमेंट आली. मगर. शेपूट हलली पाहिजे. डेडलाईन आहे मंडळी, मी आत्तापासून कामाला लागतो :)